वय दहा लाख, कमी-जास्त

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये चिलीतल्या अटाकामा वाळवंटात असलेल्या 'अल्मा' या रेडिओ दुर्बीण-समूहाचं एक चित्र जगभर गाजलं. वृषभ राशीतला एचएल टॉरी हा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरचा तारा, त्याच्याभोवती धुळीची तबकडी, आणि त्या तबकडीत एकात एक बसलेली उजळ-काळपट कडी. मधल्या काळ्या पट्ट्यांतली धूळ बहुधा नुकत्याच घडू लागलेल्या ग्रहांनी झाडून नेली असावी, असं सांगितलं गेलं. ताऱ्याभोवती ग्रह घडतात हे काही नवं नव्हतं. गडबड उडाली ती चित्राखालच्या एका आकड्यामुळे: तारा दहा लाख वर्षांचाही नाही. इतक्या लहान वयात ग्रह? ग्रह जमायला याहून पुष्कळ वेळ लागतो, असं तोवर बहुतेकांनी धरलं होतं.

चित्र सुंदरच आहे. पण मी आकड्यापाशी जास्त रेंगाळले. सगळं आश्चर्य त्याच्यावर उभं होतं. तारा पन्नास लाख वर्षांचा निघाला असता तर हीच कडी पाहून कोणी भुवई उंचावली नसती. आणि हा आकडा कुठून आला, याबद्दल बातम्यांत एक ओळही नव्हती. ताऱ्याचं अंतर कसं काढतात, तापमान कसं काढतात, हे हौशी आकाशनिरीक्षकांना साधारण ठाऊक असतं. वयाचं मात्र आपण मुकाट्याने मान्य करतो. तेव्हापासून तारकानिर्मितीवरचं काहीही वाचताना मी आधी वयाचा परिच्छेद शोधते. हा छंद जरा विचित्र आहे, पण त्याने बरंच काही शिकवलं.

विश्वातल्या एकाच ताऱ्याचं वय आपल्याला खरोखर नेमकं माहीत आहे. तो म्हणजे सूर्य. आणि गंमत अशी की ते सूर्याकडे पाहून काढलेलंच नाही. उल्कापाषाणांत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने समृद्ध असे बारीक पांढुरके कण सापडतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं हे मोजलं, की ४५६ कोटी ७० लाख वर्षं हा आकडा मिळतो. त्यातली अनिश्चितता दहा लाख वर्षांपेक्षाही कमी आहे. पण हे वय कणांचं आहे. सूर्याभोवतीच्या तबकडीत पहिले घन कण गोठले तो हा क्षण. त्या वेळी सूर्य 'जन्मला' होता का, किती आधी जन्मला होता, त्याचं निम्मं वजन तरी जमलं होतं का, हे त्या खड्यांत लिहिलेलं नाही. म्हणजे ज्या एका बाबतीत घड्याळ उत्तम आहे, तिथेही त्याचा शून्य काटा कुठे लावायचा हा प्रश्न राहतोच.

इतर ताऱ्यांचे खडे आपल्या हाती लागत नाहीत. मिळतो तो फक्त प्रकाश.

मेघांतल्या कोवळ्या ताऱ्यांसाठी सगळ्यांत जास्त वापरली जाणारी पद्धत मुळात एका चुकलेल्या सिद्धांतातून आली आहे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन यांनी असा हिशोब मांडला की सूर्य स्वतःच्या वजनाखाली हळूहळू आकसतो आणि त्या आकसण्यातून सुटणारी ऊर्जा म्हणजे सूर्यप्रकाश. त्या हिशोबाने सूर्याचं आयुष्य जेमतेम काही कोटी वर्षं भरत होतं. भूवैज्ञानिकांना ते मुळीच पटत नव्हतं, आणि पुढे अणुगर्भातल्या ऊर्जेचा शोध लागल्यावर ते घड्याळ मोडीत निघालं. पण ते चुकीच्या ताऱ्याला लावलं होतं, एवढाच त्याचा दोष. वायूच्या मेघातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ताऱ्याच्या पोटात हायड्रोजन अजून पेटलेला नसतो. तो चमकतो तो खरोखरच आकसण्यामुळे. सूर्याएवढ्या ताऱ्याला या अवस्थेतून हायड्रोजनच्या स्थिर ज्वलनापर्यंत पोचायला चार-पाच कोटी वर्षं लागतात. केल्विनचं घड्याळ तेवढ्या काळापुरतं ठणठणीत चालतं.

१९६१ मध्ये जपानच्या चुशिरो हायाशी यांनी या आकसण्याची वाट दाखवली. ताऱ्याचं पृष्ठतापमान एका अक्षावर आणि तेजस्विता दुसऱ्या अक्षावर घेऊन जी आकृती काढतात, हर्ट्झस्प्रुंग आणि रसेल यांची, तिच्यावर कोवळा तारा जवळजवळ सरळ खाली उतरतो. बाहेरचं तापमान फारसं बदलत नाही. आतला वायू उकळत्या पाण्यासारखा सतत वर-खाली फिरत असतो, आणि त्या स्थितीत तापमानाला फारशी मोकळीक उरत नाही. आकार घटतो तशी तेजस्विता घटते. म्हणजे तारा किती तेजस्वी आहे हे कळलं की तो त्या उतारावर कुठपर्यंत आला आहे हे कळतं, आणि तिथून वय. एकाच वयाचे वेगवेगळ्या वजनांचे तारे जोडून समवय रेषा काढायच्या, आपले तारे आकृतीवर मांडायचे, आणि कोण कोणत्या रेषेवर पडतो ते वाचायचं. कागदावर इतकी देखणी पद्धत दुसरी नाही.

गणित मात्र निर्दय आहे. या उतारावर तेजस्विता वयाच्या दोन-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. उलटं वाचलं तर वय हे तेजस्वितेच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात येतं. एका ताऱ्याऐवजी दोन सारखे तारे इतके चिकटून असतील की दुर्बिणीला वेगळे दिसणार नाहीत, तर तेजस्विता दुप्पट भरते आणि वय जवळजवळ एक-तृतीयांश निघतं. वाटेतल्या धुळीचा हिशोब एका प्रतीने (प्रत हे ताऱ्याचं तेज मोजायचं माप, एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीचपट) चुकला, तर वय चौपट चुकतं. तारकानिर्मितीच्या मेघात धुळीचा हिशोब एका प्रतीने चुकणं म्हणजे काही फार मोठा गुन्हा नव्हे. तिथे एका ताऱ्यापुढे धुळीचा पातळ पदर असतो आणि शेजारच्यापुढे जाड भिंत.

अंतराचं तर विचारूच नका. तेजस्विता अंतराच्या वर्गावर अवलंबून, वय तेजस्वितेच्या दीड घातावर, म्हणून वय अंतराच्या घनावर. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली साध्या द्विनेत्रीतूनही धुरकट दिसणारा जो ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ. जुन्या पुस्तकांत त्याचं अंतर १५०० प्रकाशवर्षं दिलेलं असे. रेडिओ दुर्बिणींनी आणि पुढे गाया उपग्रहाने मोजल्यावर ते सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर आलं. एवढ्या एका दुरुस्तीने तिथल्या प्रत्येक ताऱ्याचं वय दीडपट वाढतं. मृग आपल्या जवळ सरकला आणि म्हातारा झाला. तिथे आकाशात काहीही घडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्या बाहेरच्या चुका झाल्या. त्यांचं वाईट वाटत नाही, कारण मोजमाप सुधारलं की त्या घटतात. मला जास्त अस्वस्थ करतात त्या ताऱ्याच्या स्वतःच्या खोड्या.

या वयातले तारे शांत नसतात. १८५२ मध्ये जॉन रसेल हाइंड यांना वृषभात एक तारा आणि त्याला लागून एक छोटा तेजोमेघ दिसला. तारा मनाला येईल तसा कमी-जास्त होई, आणि काही वर्षांत तो मेघच दिसेनासा झाला. हाच टी टॉरी. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी अशा बेभरवशाच्या ताऱ्यांचा एक वर्गच केला. ते सगळे काळ्या मेघांच्या आसपास घुटमळताना दिसत. ते तिथेच जन्मले आहेत, की वाटेत मेघात शिरले आहेत, हे तेव्हा उघड नव्हतं. १९४७ मध्ये आर्मेनियाच्या व्हिक्टर अंबार्त्सुमियन यांनी ठासून सांगितलं की ताऱ्यांचे असे विरळ जमाव स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने फार काळ टिकूच शकत नाहीत, म्हणून ते अलीकडचे असले पाहिजेत. तारे आजही जन्माला येत आहेत, हा विचार तेव्हा धाडसाचा होता. मला वाटतं, कोवळ्या ताऱ्यांच्या वयाबद्दलचा हा पहिला भक्कम युक्तिवाद. त्यात एकाही ताऱ्याचं वय काढलेलं नव्हतं हे विशेष.

टी टॉरी जातीच्या ताऱ्यांवर डाग असतात, आणि ते सूर्यावरच्या डागांसारखे तिळाएवढे नसतात. एलकेसीए ४ नावाच्या एका ताऱ्याचा तर सुमारे ८० टक्के पृष्ठभाग थंड डागांनी व्यापलेला आहे, असं २०१७ मधल्या एका अभ्यासात आढळलं. आता अशा ताऱ्याचं तापमान काय लिहायचं? डागांचं, की डागांमधून डोकावणाऱ्या उरलेल्या पृष्ठभागाचं? निळसर प्रकाशात एक उत्तर मिळतं, अवरक्तात दुसरं. आकृतीवर तारा डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, दुसऱ्याच वजनाच्या वाटेवर जाऊन बसतो आणि वय बदलून येतं.

शिवाय तारा अजून वाढतो आहे. तबकडीतला वायू त्याच्यावर पडतो आहे, आणि तोही एका चालीने नाही. १९३६-३७ मध्ये एफयू ओरायनिस हा मृगातला तारा काही महिन्यांत शंभरपटीहून जास्त उजळला, आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही. तबकडीतून एकदम मोठा घास आला की असं होतं. असे घास बहुतेक ताऱ्यांनी लहानपणी घेतले असावेत. त्यांची ऊर्जा ताऱ्याच्या पोटात मुरली की बाहेर फेकली गेली, यावर पुढची लाखो वर्षं त्याचा आकार थोडाफार ठरतो, असं काही प्रारूपं सांगतात. म्हणजे आज शेजारी-शेजारी दिसणारे दोन तारे, एकाच दिवशी जन्मलेले, एकाच वजनाचे, पण खाण्याच्या तऱ्हा वेगळ्या म्हणून आकाराने वेगळे. आपण त्यांच्याकडे पाहून म्हणणार, एक दहा लाखांचा, एक तीस लाखांचा. स्टीव्हन स्टालर यांनी १९८३ मध्ये आकृतीवर एक 'जन्मरेषा' आखली होती: धुळीच्या कोषातून तारा पहिल्यांदा दृश्य होतो ती जागा. कल्पना फार उपयोगी आहे. पण त्या रेषेपर्यंत पोचताना कोणाचं काय झालं हे ती सांगत नाही, आणि दहा लाखांहून लहान ताऱ्यांच्या बाबतीत नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

मृगाच्या तेजोमेघातल्या ताऱ्यांची आकृती काढली की ते एका रेषेवर पडत नाहीत. जाडसर पट्टा दिसतो. त्यावरून बरीच वर्षं वाद चालू आहे. एका बाजूचं म्हणणं असं की पट्ट्याची जाडी म्हणजे खरी वयं: तिथे पन्नास लाख किंवा त्याहून जास्त वर्षं तारे घडत राहिले, आधी सावकाश, मग झपाट्याने. दुसरी बाजू म्हणते की जोडतारे, डाग, धूळ, घासांचा इतिहास हे सगळं मिळून एवढी जाडी सहज होते, खरी वयं जवळजवळ सारखीच असतील. २०१७ मध्ये जाकोमो बेक्कारी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हजारो ताऱ्यांच्या रंग-तेजांत एकाखाली एक अशा तीन समांतर रांगा दाखवल्या. तीन वेळा तारकानिर्मितीचा बहर आला असावा, आणि तिन्ही बहर तीस लाख वर्षांच्या आत. छान वाटतं ऐकायला. पण जोडतारे आणि तिहेरी तारेसुद्धा अशाच रांगा पाडू शकतात, आणि हा पर्याय त्या संशोधकांनी स्वतःच तपासायला घेतला होता. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पट्ट्याची सगळी जाडी चुकांनी भरून निघत नसेल, पण बरीचशी निघते, असं वाटतं. एकट्या ताऱ्याच्या नावापुढे 'वय १२ लाख वर्षं' असं लिहिलेलं दिसलं की मी तो आकडा सोडून पुढे जाते. गटाच्या सरासरीला मात्र मी मान देते, कारण शे-दोनशे ताऱ्यांच्या खोड्या काही प्रमाणात एकमेकींना खाऊन टाकतात.

काही प्रमाणात, असं म्हणायचं कारण वृश्चिकेत आहे.

अनुराधेचे तारे आणि ज्येष्ठा ज्या मोठ्या गटातले, त्या वरच्या वृश्चिक गटाचं वय बरीच वर्षं ५० लाख मानलं जात होतं. शेकडो लहान, थंड ताऱ्यांवरून ते काढलेलं होतं, आणि ते तारे एका रेषेवर बऱ्यापैकी नेटके बसत होते. मग २०१२ मध्ये मार्क पेकॉट आणि एरिक मामाजेक यांनी त्याच गटातले जास्त उष्ण, सूर्यापेक्षा जड तारे घेतले आणि वय आलं सुमारे १ कोटी १० लाख. एकाच गटाची दोन वयं. थंड तारे म्हणतात पन्नास लाख, उष्ण म्हणतात एक कोटी दहा लाख. इथे शे-दोनशे ताऱ्यांची सरासरी कामाला येत नाही, कारण सगळे थंड तारे एकाच दिशेने फसवत असतात. पुढे ग्रेगरी फायडन यांनी प्रारूपांत चुंबकीय क्षेत्र घातलं. चुंबकीय क्षेत्र ताऱ्याच्या आतलं वर-खाली फिरणं मंदावतं, उष्णता बाहेर पडायला अडते, आकसणं रेंगाळतं, तारा आपल्या वयापेक्षा फुगलेला राहतो. फुगलेला तारा तरुण दिसतो. हे धरल्यावर थंड ताऱ्यांचं वयही एक कोटीच्या आसपास गेलं आणि भांडण बरंचसं मिटलं. याच सुमाराला, २०१३ मध्ये, कॅमेरॉन बेल, टिम नेलर आणि सहकाऱ्यांनी इतर काही कोवळ्या तारकागुच्छांची वयं नव्याने काढून ती जुन्या आकड्यांच्या दुपटीपर्यंत वाढवली होती.

त्याच वृश्चिक गटात ज्येष्ठा आहे, लाल महाराक्षसी तारा, आयुष्याच्या अखेरीला पोचलेली. आणि तिच्या हलक्या भावंडांनी अजून हायड्रोजन पेटवायला सुरुवातही केलेली नाही. 'गटाचं वय' हा एकच आकडा या दोघांना लावायचा असतो, हे लक्षात घेतलं की प्रारूपांवर किती ताण पडतो ते कळतं.

दुपटीने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. बरंच बिघडतं, कारण दुसरी घड्याळं या घड्याळावर लावलेली आहेत. २००१ मध्ये कार्ल हाइश, एलिझाबेथ लाडा आणि चार्ल्स लाडा यांनी वेगवेगळ्या वयांच्या तारकागुच्छांत किती ताऱ्यांभोवती धुळीची तबकडी शिल्लक आहे ते मोजलं. अगदी कोवळ्या गुच्छांत जवळजवळ सगळ्यांभोवती, तीस लाख वर्षांच्या सुमाराला निम्म्यांभोवती, साठ लाखांच्या आसपास जवळपास कोणाभोवतीच नाही. त्यावरून ग्रहनिर्मितीला मुदत मिळाली: गुरूसारखा वायूचा ग्रह घडायचा असेल तर तो तबकडीतला वायू संपायच्या आत, म्हणजे साठेक लाख वर्षांतच घडला पाहिजे. किती प्रारूपं या मुदतीत बसत नाहीत म्हणून बाद ठरली असतील! आणि ही मुदत ज्या अक्षावर मांडली, तो अक्षच रबरी. गुच्छांची वयं दुप्पट झाली तर तबकड्यांचं आयुष्य दुप्पट होतं, ग्रहांना दुप्पट वेळ मिळतो.

त्याहीपेक्षा कोवळ्या अवस्थांचे काळ तर निव्वळ शिरगणतीने काढले जातात. विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये आकाशाला एका भरगच्च बागेची उपमा दिली होती: बागेत एकाच वेळी अंकुर, फूल, फळ आणि वाळलेलं झाड दिसतं, म्हणून एका झाडाचं आयुष्य पाहायला आयुष्यभर थांबावं लागत नाही. चार्ल्स लाडा यांनी १९८७ मध्ये अवरक्त प्रकाशावरून कोवळ्या ताऱ्यांचे वर्ग पाडले: अजून कोषात असलेले, कोष गळून तबकडी उरलेले, तबकडीही संपलेले. १९९३ मध्ये फिलिप आंद्रे यांनी सगळ्यांच्या आधीचा एक वर्ग जोडला आणि त्याला शून्य क्रमांक द्यावा लागला, कारण एक आधीच वापरला गेला होता. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने जवळच्या मेघांतली शिरगणती केली. कोषातले तारे तबकडीवाल्यांच्या साधारण पाव भरले. तबकडीची अवस्था २० लाख वर्षं टिकते असं धरलं, तर कोषातली अवस्था सुमारे ५ लाख वर्षांची. गणित बिनचूक आहे. पण ते २० लाख कुठून आले? समवय रेषांवरून. ते ४० लाख झाले तर हे १० लाख होतात. शिवाय तारे घडण्याचा वेग कायम सारखाच होता, हेही धरून चालावं लागतं, आणि मेघ काही तसं वचन देत नाही.

लिथियमचं घड्याळ मला यातलं सगळ्यांत विश्वासू वाटतं. ताऱ्याच्या गाभ्यात तापमान २५ लाख अंशांच्या आसपास गेलं की लिथियम जळून जातं. हलक्या ताऱ्यांना तिथवर पोचायला जास्त वेळ लागतो. म्हणून एखाद्या गुच्छात उजळ ताऱ्यांपासून अंधुक ताऱ्यांकडे जात राहिलं, की एके ठिकाणी वर्णपटात लिथियमची रेषा अचानक पुन्हा दिसू लागते. ती सीमा जितकी खाली, तितका गुच्छ वयस्क. यात डागांची, घासांची ढवळाढवळ कमी. कृत्तिकेचं वय या मार्गाने सुमारे साडेबारा कोटी वर्षं आलं, जुन्या काही अंदाजांपेक्षा बरंच जास्त. पण दोनेक कोटी वर्षांच्या आत ही सीमा धड तयारच झालेली नसते. मेघातल्या बाळांना हे घड्याळ बांधता येत नाही. त्यांच्या सगळ्यांच्याच अंगात लिथियम भरलेलं असतं. त्यावरून ती लहान आहेत एवढं कळतं, किती लहान ते कळत नाही.

उरलं ते चालीचं घड्याळ. ते ताऱ्याच्या पोटात काय चाललं आहे याची चौकशीच करत नाही. १९५४ मध्ये अड्रियान ब्लाऊ आणि विल्यम मॉर्गन यांनी दोन पळपुट्या ताऱ्यांची जोडी दाखवली: एक सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी, दुसरा कपोतातला म्यू कोलंबी. आकाशात एकमेकांपासून दूर, पण दोघे सेकंदाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने जवळजवळ विरुद्ध दिशांना धावणारे. त्यांच्या वाटा मागे नेल्या तर त्या मृगाच्या तेजोमेघाच्या परिसरात भेटतात, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. तिथे जड ताऱ्यांच्या जोड्यांची गाठ पडली आणि हे दोघे भिरकावले गेले, असं मानतात. तेव्हा मृगातला गुच्छ तिथे होता, म्हणजे त्याचं वय निदान तेवढं. मला हा पुरावा फार आवडतो. यात समवय रेषा नाही, धूळ नाही, प्रारूप नाही. फक्त अंतर भागिले वेग.

२०१३ च्या डिसेंबरात झेपावलेल्या गाया उपग्रहाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची अंतरं आणि चाली मोजल्या, आणि मग हे एकदोन पळपुट्यांपुरतं राहिलं नाही. संपूर्ण गट मागे चालवून तो सगळ्यांत घट्ट कधी होता हे पाहता येऊ लागलं. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, संपलं, आता वाद मिटणार. तसं झालं नाही. २०२३ च्या अखेरीस नुरिया मिरेट-रोइग, जुआंव आल्वेश आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या परिसरातल्या काही तरुण गटांची चालीवरून आलेली वयं आणि समवय रेषांवरून आलेली वयं शेजारी ठेवली. चालीचं वय सतत कमी येत होतं, आणि फरक जवळजवळ ठराविक होता: सुमारे ५५ लाख वर्षं.

फरक कधी जास्त, कधी कमी, कधी उलटा आला असता, तर ती दोन घड्याळांची साधी बेपर्वाई ठरली असती. पण ठराविक फरक म्हणजे दोन्ही घड्याळं नीट चालताहेत आणि वेगवेगळ्या क्षणी सुरू झाली आहेत. समवय रेषांचं घड्याळ तारा जन्मतो तेव्हा सुरू होतं. चालीचं घड्याळ तारे एकमेकांपासून दूर जायला लागतात तेव्हा. मधल्या काळात ते मेघाच्या गुरुत्वाकर्षणात बांधलेले असतात, तिथल्या तिथे फिरत असतात, आणि मागे चालवून पाहिलं तर त्या बांधलेल्या काळाचा पत्ता लागत नाही. मग जड ताऱ्यांचे वारे आणि प्रकाश मेघातला वायू उधळून लावतात, बंधन सुटतं, गट पांगू लागतो. ज्याला आपण इतकी वर्षं घड्याळांचं भांडण समजत होतो, तो फरक हेच एक मोजमाप निघालं: तारे आपल्या जन्ममेघाला किती काळ धरून राहतात त्याचं.

हा निष्कर्ष पुढच्या मोजणीत टिकेलच असं नाही. ५५ लाखांतला काही भाग समवय रेषांच्या जुन्या खोड्यांचा असू शकतो, फुगलेल्या ताऱ्यांची गोष्ट वर आलीच आहे. बीटा पिक्टोरिस गटात चालीवरून साधारण १ कोटी ८५ लाख आणि लिथियमवरून २ कोटी १० लाख असे आकडे आहेत. दिशा तीच आहे, फरक लहान आहे, आणि दोन्हीकडच्या अनिश्चितता एवढ्या आहेत की त्यावरून कोणी पैज लावू नये. तरीही विचार म्हणून मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यांत समाधान देणारा वाटला. आता 'वय' लिहिताना कोणत्या क्षणापासून ते सांगावं लागणार. कोष जमला तेव्हापासून? तारा जन्मरेषेवर आला तेव्हापासून? वायू उडाला तेव्हापासून? पहिला खडा गोठला तेव्हापासून? कोट्यवधी वर्षांच्या ताऱ्याला या फरकाने काही होत नाही. दहा लाखांच्या ताऱ्याला मात्र त्यातला प्रत्येक फरक त्याच्या अख्ख्या आयुष्याएवढा आहे.

गायाला दाट धुळीतलं दिसत नव्हतं. तो दृश्य प्रकाशात पाहणारा उपग्रह होता, त्यामुळे सगळ्यांत कोवळे तारे त्याच्या यादीतच नाहीत. तिथे रेडिओ दुर्बिणी आणि वेब दुर्बिणीचं अवरक्त कामाला येतं. २०२३ मध्ये वेबने ययाती तारकासमूहातल्या एचएच २११ चं चित्र दिलं: सुमारे हजार प्रकाशवर्षांवरचा, धुळीत पूर्ण बुडालेला शून्य वर्गातला आदितारा, आजच्या सूर्याच्या जेमतेम ८ टक्के वजनाचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुटलेले वायूचे झोत. झोतांत गाठी आहेत. एका बाजूच्या गाठीला दुसऱ्या बाजूला बरीचशी जोडीदार गाठ सापडते, म्हणजे दोन्ही एकाच उद्रेकात बाहेर पडल्या असाव्यात. काही वर्षांच्या अंतराने घेतलेली चित्रं एकावर एक ठेवली की गाठी सरकलेल्या दिसतात, आणि अंतर भागिले वेग केलं की प्रत्येक उद्रेकाची तारीख मिळते. ताऱ्याचं वय काही हजार ते काही दहा हजार वर्षं सांगतात, ते वर्गावरून आणि शिरगणतीवरून. गाठींची तारीख मात्र मोजलेली आहे. ती शेवटच्या काही घासांपुरतीच आहे, आणि त्याआधीच्या गाठी मेघाच्या वायूला धडकून कधीच विरून गेल्या आहेत.